७.९३ मीटरांची शर्यत

सप्टेंबर २०२१ मध्ये बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात जागतिक रोड सायकलिंग स्पर्धा भरणार, हे कळल्यावर रॉटरडॅममधल्या माझ्या सहकाऱ्यांनी रविवारची, म्हणजे प्रौढ पुरुषांच्या टाइम ट्रायलची (एकेकट्याने घड्याळाशी लावायच्या शर्यतीची), रजा मागून घेतली. मी मात्र मंगळवार, २१ तारीख मागितली. त्या दिवशी सतरा-अठरा वर्षांची मुले-मुली नोके-हाइस्ट या समुद्रकाठच्या गावापासून ब्रुज शहरापर्यंत एकेकटी सायकल पळवणार होती. नामवंत खेळाडू सोडून पोरासोरांची शर्यत बघायला कोण जाते, असे मला विचारण्यात आले. मला नेमके तेच बघायचे होते, कारण या पोरांना एक अट होती जी रविवारच्या मंडळींना नव्हती. तिच्याविषयी पुढे सांगतोच.

सोमवारी संध्याकाळी अँटवर्प आणि गेंटमार्गे ब्रुजला पोहोचलो. करोनाचे सावट पुरते सरलेले नव्हते, त्यामुळे गाडीत सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते. ब्रुजविषयी, तिथल्या कालव्यांविषयी आणि घंटाघराच्या ३६६ पायऱ्यांविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे, तेव्हा ते सोडून देतो. मंगळवारी सकाळी नोकेची लोकल पकडली. लोहमार्ग समुद्रापाशी संपतो, आणि गाडीतून उतरल्याबरोबर खाऱ्या वाऱ्याचा पहिला सपकारा बसतो. हा सगळा प्रदेश पोळपाटासारखा सपाट असल्याने समुद्रावरून सुटलेल्या वाऱ्याला अडवायला एखादी टेकडीसुद्धा नाही. चढ नसलेली शर्यत सोपी असते असा आपल्याकडे समज आहे, कारण लहानपणी पाहिलेल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत आपल्या लक्षात राहतो तो बोरघाट. सपाट रस्त्यावर उतार नसतो, म्हणजेच पाय थांबवून दम घ्यायला जागाच नसते, हे मला नोकेच्या वाऱ्यात उभे राहिल्यावर पटले.

टाइम ट्रायलमध्ये सगळे एकदम सुटत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक स्पर्धक उतरत्या लाकडी चौथऱ्यावर येतो, मागून एक पंच त्याची सीट धरून सायकल उभी ठेवतो, घड्याळातले शेवटचे पाच सेकंद मोजले जातात आणि पंच हात सोडतो. ढकलायला मात्र मनाई असते. पुढच्या स्पर्धकाला गाठले तरी त्याच्या आडोशाने वारा चुकवता येत नाही. ओलांडताना बाजूने दोन मीटर आणि नंतर मागे पंचवीस मीटर अंतर राखावे लागते.

पण माझे लक्ष चौथऱ्याच्या मागच्या तपासणीकडे होते, आणि कुंपणाच्या एका फटीतून ती चांगली दिसत होती. जमिनीवर दोन पट्टे आखलेले होते. सायकलची साखळी सर्वांत जड गिअरवर चढवायची, पॅडल उभे करायचे आणि सायकल मागे ढकलत पॅडलची पूर्ण एक फेरी करायची. चाक दुसऱ्या पट्ट्याच्या पुढे गेले तर सायकल बाद. ज्युनिअर गटासाठी हे अंतर ७.९३ मीटर होते, म्हणजे पुढे ५२ दात्यांची चकती आणि मागे १४ दात्यांची. वाढत्या वयात जड गिअर रेटून गुडघ्यांची वाट लागू नये, पोरांनी पाय झपाझप फिरवायला शिकावे, हा त्यामागचा हेतू. प्रौढांना असे कोणतेच बंधन नाही; अंगात ताकद असेल तर त्यांनी हवा तेवढा जड गिअर लावावा.

या अटीचा अर्थ मला त्या दिवशी कानांनी कळला. मागचे भरीव चाक घूं घूं करत येते आणि त्या आवाजावर पायांचा वेगळाच ठेका ऐकू येतो. पाठ आणि डोके दगडासारखे स्थिर असते आणि कमरेखाली शिवणयंत्र चाललेले असते. मुलींची शर्यत १९.३ किलोमीटरची होती आणि ती रशियाच्या अलेना इवानचेंकोने जिंकली. त्या वर्षी डोपिंगप्रकरणी रशियावर असलेल्या निर्बंधांमुळे तिच्या नावापुढे देशाऐवजी ‘रशियन सायकलिंग फेडरेशन’ असे लिहिलेले होते. दुसरी आली ब्रिटनची झोई बॅकस्टेट. तिचे वडील मॅग्नस यांनी २००४ मध्ये पॅरिस-रुबे ही शर्यत जिंकली होती. हे माझ्या शेजारी उभ्या असलेल्या फ्लेमिश आजोबांनी मला, मी न विचारताच, दोनदा सांगितले.

दुपारी मुलांची शर्यत पाहायला ब्रुजला परतलो. अंतिम रेषा झांड चौकात होती, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. मुलांचे अंतर २२.३ किलोमीटर होते. डेन्मार्कचा गुस्ताव वांग ते साडेपंचवीस मिनिटांच्या थोड्या वर वेळात कापून पहिला आला. ब्रिटनचा जोशुआ टार्लिंग सुमारे वीस सेकंदांनी दुसरा आणि बेल्जियमचा अलेक सेगार्त तिसरा. कॉफीच्या कपाशेजारी मी कागदावर हिशेब मांडला: २२.३ किलोमीटर भागिले ७.९३ मीटर. म्हणजे सर्वांत जड गिअर लावूनही वांगचे पाय २,८०० हून अधिक वेळा फिरले, मिनिटाला सरासरी ११० वेळा, आणि तेही वळणावरची मंद गती जमेस धरून. रविवारी प्रौढांच्या शर्यतीत ताकद दिसली असेल. इथे पायांची लय दिसत होती, आणि मला तरी ती अधिक देखणी वाटली.

डॅनिश मुलगा जिंकल्याचे आणखी एका कारणाने बरे वाटले. ही जागतिक स्पर्धा १९२१ मध्ये सुरू झाली ती कोपनहेगनलाच, आणि ती पहिली शर्यतसुद्धा घड्याळाशीच होती: १९० किलोमीटरची, हौशी सायकलपटूंसाठी. स्वीडनचा गुन्नार स्कोल्ड ती जिंकला होता. शंभर वर्षांनी वर्तुळ पुरे झाले असे म्हणायचा मोह होतो. पण त्या पोरांच्या मनात बहुधा त्याआधीचे एकच वर्ष असावे. २०२० मध्ये महामारीमुळे जागतिक स्पर्धा फक्त प्रौढांसाठी झाली. ज्युनिअर गटात मिळतात दोनच वर्षे, त्यातले एक असे गेलेले, त्यामुळे अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी हीच पहिली आणि हीच शेवटची संधी होती. रेषा ओलांडल्यावर हँडलवर डोके टेकून कितीतरी वेळ न हललेला एक मुलगा मला आठवतो. तो कितवा आला, हे मी पाहिले नाही.

टार्लिंग पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात वुलनगाँगला ज्युनिअर विजेता झाला आणि २०२३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगला प्रौढांच्या टाइम ट्रायलमध्ये बेल्जियमचा एव्हनपुल आणि इटलीचा गान्ना यांच्या मागोमाग तिसरा आला. त्याच २०२३ च्या आरंभापासून ज्युनिअर गटाची गिअरची मर्यादा उठवण्यात आली. अट पाळायची तर शर्यतीपुरते वेगळे सुटे भाग विकत घ्यावे लागत, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही जमिनीवरचे ते दोन पट्टे गेले याची रुखरुख लागते.

रॉटरडॅमला परतल्यावर शनिवारी इमारतीच्या लांब व्हरांड्यात मी खडूने एक रेघ मारली आणि माझी बाजारहाटाची सायकल सर्वांत जड गिअरवर टाकून पॅडलच्या एका फेरीइतकी मागे ढकलली. पाच मीटर आणि वर वीतभर. मग मोबाइलवर मिनिटाला ११० ठोके लावून कालव्याकाठच्या मोकळ्या रस्त्यावर त्या ठेक्यात पाय फिरवायला निघालो. चाळीस सेकंदांनी सीटवर उसळ्या खाऊ लागलो, आणि एका आजीबाई आपल्या सायकलवरून घंटी वाजवत शांतपणे मला ओलांडून गेल्या.