नऊ फूट दोन इंचांची गल्ली

आमचा वाडा जुन्या नाशकात, तिवंधा चौकातून आत वळलं की. खाली दुकानाचं गोदाम, वर आम्ही, आणि माडीवर सासूबाई. त्यांचं वय ब्याऐंशी. गेल्या वैशाखात एका रात्री साडेदहाच्या सुमारास जिन्याखालच्या मीटरच्या फळीतून धूर यायला लागला. आधी वाटलं कुणी कचरा पेटवलाय. मग वायर जळाल्याचा तो घशात बसणारा वास आला आणि फळीमागचं सागवान लालसर दिसायला लागलं.

मी १०१ लावला. "तिवंध्याजवळ आग लागलीय" एवढं बोलून मला वाटलं, सांगून झालं. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "ताई, तिवंध्यापासून कोणत्या बाजूला? जवळ काय आहे? काय जळतंय? आत कुणी अडकलंय का?" प्रत्येक प्रश्नाला मला थांबून विचार करावा लागला. तीस वर्षं मी या घरात राहतेय, पण घराचा पत्ता कधी परक्या माणसाला तोंडी सांगायची वेळच आली नव्हती. शेवटी तो म्हणाला, "गाडी निघाली. सगळे बाहेर या. मीटरला हात लावू नका, पाणी तर मुळीच मारू नका. आणि एक माणूस चौकात उभा करा." मुलगा चौकाकडे पळाला.

शिंगाडा तलावावरचं मुख्य केंद्र आमच्यापासून दोनेक किलोमीटरवर. बंब चौकात लवकर आला आणि तिथेच थांबला. गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या होत्या. त्यातली एक आमची होती.

माणसं गाडीची वाट बघत बसली नाहीत. गुंडाळलेले होज, म्हणजे पाण्याचे लवचिक पाइप, खांद्यावर घेऊन धावत आली आणि एकाला एक जोडत गेली. एक होज पंधरा मीटरचा. आमच्या दारापर्यंत पाच लागले. चालक गाडीपाशीच राहिला. पंप त्याच्या हातात असतो, पाण्याचा दाब तोच सांभाळतो, हे मला नंतर कळलं. पुढे ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, धरायला दोघे. त्यांच्या साहेबांनी आधी आगीकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "वर कोण आहे?"

सासूबाई वर होत्या. जिना धुराने भरलेला, आणि देव घेतल्याशिवाय त्या हलायला तयार नव्हत्या. पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा लावलेला एक तरुण फायरमन मागच्या गच्चीला शिडी लावून वर गेला. मुखवटा बाजूला सारून म्हणाला, "आजी, तुम्ही आधी चला, देव मी घेऊन येतो." त्यांना खाली सोडून तो खरंच परत वर गेला आणि टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा असं सगळं टॉवेलात बांधून घेऊन आला. सासूबाई अजून त्याची दृष्ट काढायची राहिली म्हणून हळहळतात.

तोवर खाली त्यांनी पाणी सोडलंच नव्हतं. महावितरणचा माणूस येऊन खांबावरून लाइन तोडेपर्यंत कोरड्या पावडरची नळकांडी वापरली. लाइन तुटल्यावर पाणी सुरू केलं, तेही बेताने. मातीच्या भिंतींनी पाणी प्यायलं की वाडा आगीने नाही तर ओझ्याने पडतो, असं साहेब म्हणाले. शेवटचा अर्धा तास त्यांनी आकड्याने तक्तपोशी, म्हणजे छताच्या लाकडी फळ्या, उचकटून आतली धग शोधण्यात घालवला. जुनं लाकूड वरून विझलेलं दिसतं आणि पहाटे पुन्हा पेटतं.

दोन दिवसांनी विम्यासाठी अग्निशमनचा दाखला हवा होता म्हणून शिंगाडा तलावावर गेले. बाकावर बसले असताना वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली, घंटा झाली. मी उठून बाजूला होईपर्यंत गाडी फाटकाबाहेर. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजात अडकलेल्या घारी-कबुतरांसाठीही अशीच शिडी निघते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्याशी पोहोचलं, तेव्हा आपण सगळे पुलावरून पूर बघत होतो आणि हीच माणसं काठावर कामाला होती.

तिथे थोडं विचारलं. आपलं दल महापालिकेचं. पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड अशी उपकेंद्रं आहेत; ज्याची हद्द जवळ त्याची गाडी आधी निघते, आणि आग मोठी असली तर बाकीच्यांना वर्दी जाते. एमआयडीसीचं स्वतःचं दल वेगळं, मोठ्या प्रसंगी तेही येतं. माझ्या मनात राहिला तो पाण्याचा हिशेब. बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं. ब्रांच पूर्ण उघडली तर ते दहा-पंधरा मिनिटांत संपतं. म्हणून दुसरी गाडी पाठोपाठ लागते, आणि ती चौकात अडकली तर पहिलीचा उपयोग तेवढ्यापुरताच.

नणंद एका उंच इमारतीत राहते. तिला विचारलं, तर त्यांच्या मजल्यावर आगीसाठीचा होज ठेवायच्या लाल पेटीत झाडू ठेवलेत. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची आणि राहणाऱ्यांची, आणि दर जानेवारीत नि जुलैत ती तपासून घेतल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यांच्या सोसायटीत कागद आहे, पाइपात पाणी नाही. ते ऐकून मला त्या रात्रीपेक्षा जास्त भीती वाटली. सातव्या मजल्यावरून टाक कोण आणणार?

घरी आल्यावर मी मुलाला घेऊन टेपने गल्ली मोजली. सगळ्यांत अरुंद जागी नऊ फूट दोन इंच. बंबाची रुंदी साधारण अडीच मीटर, म्हणजे सव्वाआठ फूट. म्हणजे गल्ली मोकळी असती तर गाडी सावकाश का होईना, आत आली असती. दुचाकी लावल्या की उरतात पाच फूट.

हे आकडे मी कागदावर लिहून घरोघर दाखवले. दोघांनी गाड्या कुठे ठेवायच्या म्हणून माझ्याशी वाद घातला, आणि त्यांचंही खोटं नाही, जागा नाहीच. शेवटी ठरलं की रात्री सगळ्यांनी चौकापलीकडच्या मोकळ्या जागेत लावायच्या. पावसात तिथून चालत यायला कंटाळा येतो. तरी मुलगा रोज रात्री दहाला आमची गाडी काढतो, आणि जाताना समोरच्या काकांची कडी वाजवून त्यांचीही किल्ली मागून घेतो.