वाचलेल्यांचं काय?

"आणि जे वाचले, ते परत कधी समुद्रावर गेले?"

दीवच्या खुखरी स्मारकात, काचेला नाक लावून आतलं छोटं जहाज बघता बघता भाचीने विचारलं. मी गप्प.

त्याआधी घडाघडा बोलत होतो. 9 डिसेंबर 1971, पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो, काही मिनिटांत बुडालेली आयएनएस खुखरी. 18 अधिकारी, 176 नौसैनिक गेले. जहाज न सोडणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला.

पण काळोखात पाण्यावर तरंगत राहिलेले, मग सुटका झालेले? जखमा भरल्या असतील, हो. झोपेचं काय? शेजारचा आवाज बंद झाला ते घरी कुणाला सांगितलं असेल का?

गेलेल्यांचा आकडा मला तोंडपाठ होता. वाचलेल्यांचा नाही. तुम्हाला माहीत होता?