लिंगभाव म्हंजी महादेवाचं का?

पीएचडीचा माझा पहिला सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, आरआरसीने (विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीने) परत पाठवला. विषय होता शनिशिंगणापूर. २०१६च्या गुढीपाडव्याला, हायकोर्टाच्या निर्देशांनंतर, देवस्थानाने चौथरा बायकांना खुला केला, तेव्हापासून डोक्यात तेच होतं. समितीतले एक सर म्हणाले, "निकालावर वकील लिहितील. आम्हाला चढायचंच नाही म्हणणाऱ्या बायकांचं काय?" भयंकर राग आला. प्रश्न बरोबर होता हे कबूल करायला वर्ष गेलं.

गाईड मॅडमनी मानववंशशास्त्रज्ञ सबा महमूदचं पुस्तक हातात दिलं. कैरोच्या मशिदींत धर्मशिक्षणासाठी जमणाऱ्या स्त्रियांवरचा तिचा अभ्यास २००५ मध्ये पुस्तकरूपाने आला. नियम पाळणारी ती दबलेली आणि मोडणारी ती मोकळी, ही वाटणीच तिला मान्य नाही. लाज, संयम या गोष्टी त्या बायका सरावाने अंगी बाणवतात आणि त्यातही कर्तेपण असतं, असं तिचं म्हणणं. इंग्रजी महाजड, एकेक पान तीनतीनदा वाचलं. पटलं निम्मंच, पण आजीची वारी आठवली. नवा विषय ठरला: वारीतल्या स्त्रिया आणि विटाळ.

माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत चार महिने गेले, त्यावर न बोललेलंच बरं. हाती आलं ते दोन पानी संमतीपत्र. वर ठळक अक्षरात, 'धर्म आणि लिंगभाव यांचा परस्परसंबंध'.

आळंदीहून निघालेल्या माउलींच्या पालखीचा सासवडला मुक्काम होता. राहुटीत एक मावशी पायाला तेल चोळत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा चढवून एकेक अक्षर लावत वाचलं. "लिंगभाव म्हंजी? महादेवाचं का?" मी समाजशास्त्रातली व्याख्या (जेंडर, म्हणजे समाजाने ठरवलेलं बाईपण-पुरुषपण) सांगायला लागले आणि दुसऱ्या वाक्यात अडकले. सही करायला तर त्यांनी साफ नकार दिला. "सह्या करून आमची दोन एकर गेली, पोरी. तू विचार, मी सांगते." पुढे कमिटीकडून तोंडी संमती मंजूर करून घेतली. हे आधीच करायला हवं होतं. फील्डवर जाणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवा.

प्रश्न १४ होता: पाळीच्या दिवसांत कोणत्या धार्मिक कृतींपासून दूर राहता?

"तरणी होते तेव्हा? चालायची की. थांबून कुठं जाणार, ट्रक काय आपल्यासाठी थांबतोय? तुळस तेवढी दुसरीच्या डोक्यावर द्यायची." सून मात्र निघायच्या आधीच पाळी लांबवायच्या गोळ्या घेऊन येते. "तिला विटाळाचं काय न्हाई. पहाटे तीनला टँकरखाली कापड कुठं धुवायचं, त्याचं टेन्शन."

माझ्या कोष्टकात दोनच रकाने होते, 'विरोध' आणि 'स्वीकार'. सुनेची गोळी कशात टाकू? बाहेरून पाहिलं तर नियम पाळला, आणि कारण विचारलं तर पाण्याचं. त्याच रात्री दिंडीत सोयराबाईंचा अभंग झाला, 'देहासी विटाळ म्हणती सकळ'. चोखोबांच्या बायकोने चौदाव्या शतकात विचारून ठेवलं होतं की विटाळातून सुटलेला देह दाखवा कुठला. विटाळ जातीचाही आणि बाईपणाचाही. मावशी टाळ्या वाजवून म्हणत होत्या, पाठ होता. सकाळी कुणा पोरीला पाळी आली, तर तिच्या डोक्यावरची तुळस मावशींनीच उतरवून घेतली. मी बघत उभी.

रकाने खोडले. तिसरं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, यावेळी बाईबाईची हकीकत सलग. त्यात आठ महिने गेले, फेलोशिप संपली.

व्हायवाला, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेला, बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "२०१४ मध्ये पंढरपूरच्या मंदिर समितीने पुजारी म्हणून बायकांचेही अर्ज मागवले. ते प्रबंधात का नाही?" म्हटलं, "सर, मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी एकीनेही तो विषय काढला नाही." उत्तर त्यांना फारसं आवडलं नसावं, पण पुढे गेले.

दुसऱ्या वर्षी संमतीपत्रावर 'बाईमाणूस आणि देवधर्म' एवढंच लिहून नेलं होतं. प्रबंधाच्या शीर्षकात मात्र 'लिंगभाव' ठेवावाच लागला, पाठीवर सोनेरी अक्षरात. मावशींना अजून दाखवलेला नाही.