तुम्ही विचारलंत म्हणून: गुगलवर वर आलेलं खरं असतं का?

“गुगलवर सगळ्यात वरतं आलं म्हणजे खरंच असन ना भाऊ?”

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीक विम्याचे फॉर्म, झेरॉक्स. हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. मी “नाही” म्हणतो आणि हातातला फॉर्म पुढे भरत राहतो. नीट सांगायला वेळ लागतो, आणि खरं म्हणजे थोडी लाजही वाटते. दीड वर्ष तसली पानं मीच लिहीत होतो.

शब्दाला 20 पैसे. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी यायची: ‘सोयाबीन पिवळे पडणे उपाय’, ‘हप्ता कधी येणार’. यादीतले शब्द शीर्षकात हवेत, पहिल्या परिच्छेदात हवेत, एका उपशीर्षकात हवेत. लेख हजार शब्दांच्या खाली नको. हप्त्याची तारीख जाहीरच झालेली नसायची. मग ‘लवकरच’ हा एक शब्द मी हजार शब्दांत पसरवायचो. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे कास्तकार नसायचा, शोधयंत्र असायचं. शोधयंत्रात पान वर यावं म्हणून असं लिहिण्याला एसईओ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन) म्हणतात.

आमच्याकडे हे समजवायला कापूस पुरतो. मोल वजनावर ठरतं म्हटल्यावर कोणीतरी गाडी भरण्याआधी कापसावर पाणी मारतोच. मग खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र आलं. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, 12 टक्क्यांच्या वर ओलावा असलेला कापूस घेत नाही. तरी वरचा थर कोरडा आणि आत ओला, असं भरणारे निघालेच.

गुगलचंही असंच झालं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 साली ते सुरू केलं, तेव्हा मूळ कल्पना छान होती: एखाद्या पानाकडे जितकी इतर पानं बोट दाखवतात, म्हणजे त्याचा दुवा (लिंक) देतात, तितकं ते वजनदार. बोट दाखवणाऱ्याचंही वजन धरायचं. मग लोकांनी बोटंच विकत घ्यायला सुरुवात केली. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तेच तेच शब्द भरले, म्हणजे माणसाला दिसत नाहीत, पण यंत्र वाचतं. 2011 मध्ये गुगलनं ‘पांडा’ नावाचा बदल करून पोकळ लेखांचे कारखाने खाली ढकलले, 2012 मध्ये ‘पेंग्विन’नं विकतच्या दुव्यांना पकडलं. दर वेळी वरचा थर कोरडा करायची नवी युक्ती निघते. जर्मनीतल्या संशोधकांनी वर्षभर वस्तूंच्या परीक्षणांबद्दलचे 7,392 शोध तपासून 2024 मध्ये मांडलं, की वर येणारी पानं सरासरीनं जास्त एसईओ केलेली आणि विक्रीच्या कमिशनवर चालणारी असतात, आणि त्यांच्या मजकुराचा दर्जा घसरलेला दिसतो. हे वाचून मला नवल वाटलं नाही. तो मजकूर कसा तयार होतो, हे मला ठाऊक होतं.

पोळ्याच्या सुमारास शेजारचे काका आले. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पन्नीत सोयाबीनची पानं. “पिवयं पडून रायलं. हे पाय, यात औषध सांगून रायले.”

उघडलेला लेख मी लिहिलेला नव्हता, पण अगदी ओळखीचा होता. ‘सोयाबीन हे एक महत्त्वाचे तेलबिया पीक आहे’ इथून सुरुवात, आणि वाचणाऱ्याच्या वावरात पाच एकर सोयाबीन उभं! मग आठ कारणं एका रांगेत, आणि खाली एक बाटली, ‘आत्ताच मागवा’.

आता त्या आठांतली दोनच घ्या. पाणी साचून पिकाला लोह मिळालं नाही तर कोवळी पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. तिथे पाणी काढून फेरस सल्फेट फवारता येतं. पिवळा मोझॅक असेल तर पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे येतात. तो व्हायरस, पांढरी माशी पसरवते. रोगट झाडाला बरं करणारं औषध नाही. सुरुवातीलाच ती झाडं उपटून नष्ट करायची आणि माशी आवरायची. पण ‘उपटून टाका’ लिहिलं तर बाटली कशी खपणार?

नीट माहिती होती. एका जुन्या सरकारी पुस्तिकेच्या पीडीएफमध्ये, फोटोसकट. पण ती जुन्या फॉन्टात टाइप केलेली. दिसायला मराठी, आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यातली ओळ कॉपी करून पाहिली तर कचरा निघाला. ‘सोयाबीन’ हा शब्द त्यात शोधयंत्राला सापडणार कसा? म्हणून एसईओला सरसकट शिव्या देणाऱ्यांशी माझं जमत नाही. पान यंत्राला वाचता यावं, त्यात लोकांच्या तोंडचे शब्द असावेत, म्हणजे कपाशीबरोबर पऱ्हाटीही, हे कृषीवाल्यांनी शिकायलाच हवं. सध्या ही विद्या बाटलीवाल्यांना येते, आणि ज्यांना पीक कळतं त्यांना येत नाही. आता सगळ्यात वर एआयनं लिहिलेलं उत्तरही दिसतं. तेही अशाच पानांवरून जुळवलेलं असतं, फक्त भाषा सफाईदार.

पुस्तिकेतला फोटो मोठा केला. काकांनी पन्नीतलं पान स्क्रीनला लावून पाहिलं. चट्टे जुळले.

“म्हंजे औषध नाईच?”

“व्हायरसवर नाही काका. कृषी सहायकाला एकदा वावर दाखवा, पण आजच.”

“मंग त्यायनं बाटली काऊन दाखवली?”

मी 20 पैशांचा हिशेब सांगितला. काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले, पुस्तिकेतलं तेवढं पान छापून मागितलं, आणि त्याच्या सात झेरॉक्स. पारावर वाटायला.