बोटीत पाय टाकायचा नाही

शनिवार, फोर्ट लॉडरडेल (अमेरिका)

बोटीत पाय टाकायचा नाही, हा आमच्या घरातला नियम. गाव अलिबागकडचं, रेवस बंदर हाकेच्या अंतरावर. तरीही मुंबईला जायचं तर पेण-पनवेलचा वळसा घेऊन एसटीनं. लग्न होऊन ठाण्याला आले, तरी माहेरी जाताना मी रस्त्यानंच गेले. मांडव्याला २०२० साली रो-रो सुरू झाली, भाऊच्या धक्क्यावरून तासाभरात माणूस गाडीसकट पलीकडे, तेव्हा शेजारीपाजारी सगळे जाऊन आले. आम्ही नाही गेलो.

आज तो नियम मोडला, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. आईला विचारून मोडला. लेकीनं आणि जावयानं तिकिटं काढून ठेवली होती, आठवडाभर कॅरिबियन समुद्रात. आई फोनवर म्हणाली, "जा. पण पोचलीस की रोज कळव."

जहाजाचं नाव ओएसिस ऑफ द सीज. नातवाला सगळं तोंडपाठ. लांबी ३६० मीटर, प्रवाशांचे सोळा मजले, फिनलंडमध्ये तुर्कू नावाच्या गावी बांधलं, पहिली सफर डिसेंबर २००९. प्रवासी पाच-सहा हजार, वर काम करणारी माणसं दोन हजारांच्या पुढे. म्हणजे आमच्या सगळ्या गावाला पुरून उरेल एवढी वस्ती. धक्क्यावर उभं राहून वर पाहिलं तर मान दुखली. गॅलऱ्याच गॅलऱ्या, कुठे पाणी दिसत नाही, डोलकाठी दिसत नाही. आत शिरताना मी पदर खोचून, देवाचं नाव घेऊन तयार होते. तर काचेच्या बंद बोळातून चालत चालत आम्ही थेट गालिच्यावर आलो. जमीन कधी सुटली आणि बोट कधी लागली, ते पायाला कळलंच नाही.

सुटण्याआधी एक गोष्ट सगळ्यांना सक्तीची होती. आपल्या नेमून दिलेल्या जागी जाऊन हजेरी द्यायची आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते पाहायचं. धोक्याचा इशारा म्हणजे सात आखूड भोंगे आणि एक लांब. आमच्यासमोर दाखवायला जो मुलगा उभा होता त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नावाखाली 'इंडिया' लिहिलेलं. कार्यक्रम संपल्यावर मी हिंदीत काही विचारलं, तर म्हणाला, "काकी, मराठीत बोला, मी वेंगुर्ल्याचो." त्याला म्हटलं, "बाळा, मला ते जॅकेट हातात घेऊन बघू देशील?"

दिलं त्यानं. नारिंगी रंग, खांद्यावर चकाकणाऱ्या पट्ट्या, कमरेला बकल. उजव्या बाजूला दोरीला बांधलेली प्लास्टिकची शिट्टी. वर अंगठ्याएवढा दिवा, पाणी लागलं की आपोआप पेटणारा. पट्टा ओढल्यावर तो किती घट्ट बसतो ते मी तीन वेळा करून पाहिलं. लेक बाजूला उभी होती. तिनं मला घाई केली नाही, तिला ठाऊक होतं.

रात्री

झोप नाही. खोली हलत नाही, फक्त कुठेतरी खोल घरघर आहे, गिरणीच्या आवाजासारखी.

माझ्या आईचे वडील लालबागला गिरणीत होते. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. सणाला घरी यायचं म्हणून ते सकाळी आठच्या 'रामदास' बोटीत भाऊच्या धक्क्यावर चढले. बोट रेवसला निघाली होती. पावसाळी हवा, वारा, बोट भरलेली. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आली, बोट कलली, माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सातशेच्या आसपास माणसं होती असं म्हणतात. सहाशेहून अधिक बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला लवकर कळलंसुद्धा नाही. रेवसच्या कोळ्यांनी जाळ्यातली मासळी पाण्यात टाकून आपल्या होड्यांत माणसं घेतली, जेवढी घेता आली तेवढी.

आजोबांचा देह मिळाला नाही. ते त्या बोटीत चढले होते हे नक्की सांगणारं कुणी नव्हतं, कागद तर नव्हताच. कदाचित बोट चुकली असेल, कदाचित दुसऱ्या बंदरात उतरले असतील. आजी दसऱ्यापर्यंत कुंकू लावत होती. रोज संध्याकाळी बंदरावर जायची. आई तेव्हा आठ वर्षांची, आजीचा हात धरून तीही जायची. गावातल्या बायकांनी शेवटी समजूत घातली. हे मी आजीच्या तोंडून कधीच ऐकलं नाही, सगळं आईकडून कळलं.

रविवार, नासाऊ

ऊन, गर्दी, गुलाबी रंगाच्या सरकारी इमारती. दोन तासांत परत आलो.

मला लिहायचंय ते दाराबद्दल. उतरताना प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावतात, बारीक 'टिंग' होतं आणि पडद्यावर आपला फोटो येतो. परत चढताना पुन्हा टिंग. मी जरा बाजूला थांबून ऐकत राहिले. टिंग, टिंग, टिंग. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, चाकाच्या खुर्चीतले, प्रत्येकाचा एक टिंग. या घटकेला बोटीवर कोण आहे आणि किनाऱ्यावर कोण राहिलंय, ते त्यांना नावानिशी ठाऊक. सहा हजारांतल्या एकीचं नाव माझं. लेक म्हणाली, "आई, चल ना, ऊन लागेल." मी म्हटलं, थांब थोडं.

सोमवार, समुद्रात

पहाटे साडेपाचला पाचव्या मजल्यावर गेले. तिथे जहाजाच्या कडेकडेनं पळायचा-चालायचा रस्ता आहे, पूर्ण फेरी सातशे मीटरच्या आसपास. मागच्या टोकाला पाण्याचा पांढरा पट्टा लांबवर गेलेला, बघताना पोटात कालवलं, पण बघितलं. उजाडल्यावर उडणारे मासे दिसले. बोटाएवढे, पंख पसरून पाण्याला घासत वीस-पंचवीस हात जायचे आणि टुपकन आत. पाण्यावर पिवळट तपकिरी शेवाळाच्या लांबच लांब रेषा, त्याला इथे सरगॅसम म्हणतात. समुद्राचा रंग आपल्यासारखा मातकट नाही. निळा, शाईचा.

त्याच रस्त्याच्या बाजूला लाइफबोटी टांगलेल्या आहेत. होडी म्हणावी तर वरून बंद, खिडक्या असलेली, दारं असलेली, सुमारे ५५ फूट लांब. अशा एकूण अठरा. एकीजवळ उभी राहून बाहेरून लिहिलेलं वाचलं. किती माणसांसाठी, तो आकडा रंगवलेला होता : ३७०.

जावई चहा घेऊन आले. त्यांच्याकडून कळलं की या नियमांमागे प्रत्येक वेळी एखादी बुडालेली बोट आहे. १९१२ ला टायटॅनिक गेली आणि १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ च्या जानेवारीत इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून आडवी झाली, ३२ माणसं गेली, आणि त्यात बऱ्याच जणांचा सरावच झालेला नव्हता. त्यानंतर ठरलं की सराव बोट सुटण्याआधी किंवा सुटता सुटता झालाच पाहिजे. परवा त्या वेंगुर्ल्याच्या मुलानं जे दाखवलं ते त्यामुळे. मला हे ऐकून बरं वाटलं आणि रागही आला. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, तेव्हाही अनेकांच्या अंगावर जॅकेटं नव्हती. रामदासला पाऊणशे वर्षं होऊन गेली होती तेव्हा. आमच्याकडे बुडालेल्यांतून नियम होत नाहीत, झाले तर पाळले जात नाहीत. आमच्या माणसांचा जीव काय कमी मोलाचा होता?

दुपारी मधल्या बागेत बसले. जहाजाच्या पोटात खरी बाग आहे, वर उघडं आकाश, बारा हजारांवर रोपं. नेचे, बांबू, अळूसारखी मोठी पानं. माळी एका कुंडीतली पिवळी पानं खुडत होता. माती हातात घेऊन पाहिली, खरी होती. दोन्ही बाजूंनी सहा-सात मजले गॅलऱ्या, आणि मध्ये कीटकांचा आवाज. तो ध्वनिफितीवरचा आहे असं नातवानं सांगितलं, पण मला गावची संध्याकाळ आठवली ती आठवलीच.

मंगळवार, सेंट थॉमस

१९१७ पर्यंत हे बेट डेन्मार्कचं होतं, अमेरिकेनं अडीच कोटी डॉलरला विकत घेतलं. गाड्या अजून डाव्या बाजूनं चालतात, आपल्यासारख्या. डोंगरावरून खाली बंदर पाहिलं आणि आमचं जहाज एवढंसं दिसलं. पाय दुखले, लवकर झोपते.

बुधवार, सेंट मार्टिन

छोटंसं बेट, एक भाग फ्रेंच, एक भाग डच, १६४८ पासून. फिलिप्सबर्ग डचांच्या भागात. समोर किनारा, आणि गावाच्या पाठीला मोठं खारं तळं. लेकीनं दागिन्यांच्या दुकानांकडे ओढलं. एका दुकानात सिंधी मालक, बालपण उल्हासनगरात गेलेलं. "ठाण्याचे का तुम्ही?" म्हणून मराठीत विचारलं त्यांनी, पाणी दिलं, खुर्ची दिली. त्यांनीच सांगितलं, गावाचं सगळं मूळ मागच्या मिठात आहे, ते बघून जा.

गेलो. तळं आता उथळ, कडेला भराव आणि रस्ता. एके काळी इथे गुलाम बायकापुरुष खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ काढायचे. चौकात मीठ वेचणाऱ्यांचे पुतळे आहेत. पेणकडच्या आगरांत मी लहानपणी मीठ ओढणारे हात पाहिलेत, भेगांत मीठ जाऊन पांढरे झालेले. पुतळ्यातल्या बाईच्या हातांकडे बराच वेळ बघत उभी राहिले. तिच्या टोपलीचा भार कुठल्या अंगावर पडत असेल, ते तिच्या मानेवरून कळत होतं. पायऱ्या उतरून किनाऱ्यावर आले आणि पहिल्यांदाच पाय पाण्यात घातले, घोट्यापर्यंत. पाणी कोमट होतं.

शुक्रवार, समुद्रात

उद्या सकाळी परत. वेंगुर्ल्याचा मुलगा पुन्हा भेटला, जेवणाच्या हॉलबाहेर. आठ महिन्यांचं काँट्रॅक्ट, मार्चमध्ये साइन ऑफ. घरी आई आणि लहान बहीण. "आवस रोज इचारता, बोट हलता काय," म्हणाला. मी त्याच्या हातावर थोडे डॉलर ठेवले तर घेईना. शेवटी बहिणीसाठी म्हणून घेतले.

आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, ओटीवर बसली होती, मागे तुळस दिसत होती. मी फोन घेऊन पाचव्या मजल्यावर गेले आणि तिला सगळं दाखवलं. पाणी, रस्ता, ती जॅकेटांची पेटी. शिट्टीचं सांगितलं, दिव्याचं सांगितलं, दारातल्या टिंगचं सांगितलं. ती ऐकत होती, मध्ये मध्ये "हं" म्हणत होती. मग लाइफबोटीसमोर फोन धरला.

"ही एवढी मोठी?" ती म्हणाली. "हिच्यात किती बसतात?"

"तीनशे सत्तर."

ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, कॉल तुटला. पण पडद्यावर ती दिसत होती, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत, जशी ती भाजीचा हिशोब करते.

"म्हणजे दोन पुरल्या असत्या," ती म्हणाली.