घर दाखवायला काढलं तेव्हा

घर विकायचं नक्की झाल्यावर मी सगळ्यात आधी ऑफिसातल्या एका मैत्रिणीला बोलावलं. ती आमच्या घरी कधीच आली नव्हती, म्हणून मुद्दाम तिलाच. म्हटलं, "आत ये आणि पहिल्या मिनिटात जे जाणवेल ते सांग. माझी भीड बाळगू नकोस." चपला काढता काढताच ती म्हणाली, "कुठेतरी कुबट वास येतोय गं." आमच्यापैकी कुणालाच तो वास येत नव्हता. रोजच्या वासाला नाक इतकं सरावतं की तो जाणवेनासाच होतो. घर दाखवण्याआधी बाहेरचं एक नाक हवंच, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

शोधल्यावर वासाच्या दोन जागा सापडल्या. पहिली पाहुण्यांची बाथरूम. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या भांड्यात, थोडं पाणी कायम साठलेलं असतं आणि तेच गटाराची हवा वर येऊ देत नाही. बाथरूम वापरात नसली की ते पाणी सुकतं आणि वास थेट घरात शिरतो. तांब्याभर पाणी ओतलं, जाळी घासली, काम झालं. घर रिकामं ठेवून विकणाऱ्यांनी तर हे अधूनमधून करायलाच हवं.

दुसरी जागा बेडरूममधल्या कपाटामागे होती. कपाट सरकवलं तर भिंतीवर ताटाएवढा ओलीचा डाग, रंगाचे पोपडे आणि बोटाला लागणारी पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, ओलीबरोबर भिंतीतून बाहेर येणारे क्षार. दादा म्हणाला, "अगं, पुट्टी मारून रंग देऊन टाक. कपाट तर पुढे येणारच आहे." मला ते अजिबात पटलं नाही. पहिलं म्हणजे आत ओल असताना वरून रंग दिला तर तो पुन्हा सुटतोच. आणि दुसरं, माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं: ज्या खोलीत कुणाचं तरी तान्हं बाळ झोपणार असेल, तिथली ओल मी झाकून विकणार नाही.

मग ओल येते कुठून हे आधी पाहिलं. ॲल्युमिनियम फॉइलचा वहीच्या पानाएवढा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवायचा. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर बसतोय. तेव्हा कपाट भिंतीपासून लांब ठेवणं आणि खिडकी उघडणं हा उपाय. भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी आतून येतंय. आमची भिंतीकडची बाजू ओली होती. भिंतीपलीकडे बाथरूम. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहिला, तो हलत नव्हता, म्हणजे नळाची पाइप गळत असण्याची शक्यता कमी. प्लंबरने शॉवरखालच्या टाइल्सचे सांधे दाखवले: ग्राउट, म्हणजे टाइल्सच्या फटीत भरलेला मसाला, झिजलेला आणि कोपऱ्यातलं सिलिकॉन सुटून वर आलेलं. सांधे उकरून पुन्हा भरले, सिलिकॉन नवं लावलं. भिंतीवरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढला. पाण्याने धुतला असता तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरले असते. नंतर भिंत नीट सुकू दिली आणि मगच रंगाऱ्याला बोलावलं. घर बाजारात आणायला त्यामुळे उशीर झाला, पण तो होऊ द्यावा. आधीचे-नंतरचे फोटो आणि कामाचं बिल एका फाइलमध्ये लावून ठेवलं.

बाकीची कामं किरकोळ होती. गळक्या नळांचे वॉशर, करकरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल, न लागणारी एक कडी. यांना खर्च फारसा नसतो, पण घर बघायला आलेला माणूस प्रत्येक दार स्वतः उघडून बघतो, आणि कडी लागत नसली की त्याच्या मनात येतं, हे असं आहे तर न दिसणारं कसं असेल? हॉलमध्ये एक बल्ब पिवळा, एक निळसर पांढरा असा प्रकार होता. सगळे ३००० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, लावले आणि खोली एकदम सलग दिसायला लागली. कपाटं निम्मी रिकामी केली. लोक ती उघडतात आणि त्यांनी उघडावीतच, कारण जागा किती आहे हे त्यांना कळायला हवं. मात्र दागिने, औषधं, बँकेची कागदपत्रं आणि मुलांच्या शाळेचं नाव दिसेल असे फोटो आधीच कुलपात ठेवले. येणारी माणसं अनोळखी असतात.

जाहिरातीच्या फोटोंबद्दल माझं मत ठाम आहे. फोनच्या रुंद लेन्सने खोली लांबलचक दिसते, कडेचा पलंग ताणल्यासारखा येतो. असे फोटो बघून आलेला माणूस दारातच हिरमुसतो आणि त्यानंतर त्याला चांगलंही चांगलं दिसत नाही. दिवसा पडदे उघडून, साध्या लेन्सने, कॅमेरा छातीच्या उंचीवर सरळ धरून मी फोटो काढले आणि सोबत प्रत्येक खोलीची मापं लिहिली.

लोक यायला लागले तेव्हा मी एक पथ्य पाळलं. एकदा घर फिरवून दाखवायचं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसायचं. मालकीणबाई मागे मागे फिरत असल्या की माणसं आपसात बोलत नाहीत, आणि पलंग कुठे ठेवायचा, आजोबांना कुठली खोली द्यायची, हे बोलायला लागल्याशिवाय घर कुणाच्या मनात उतरत नाही. या घरावर माझा फार जीव आहे, सांगण्यासारखं खूप होतं. पण विचारलं तेवढंच सांगितलं. दोन गोष्टी मात्र न विचारता सांगायचे: पश्चिमेची खोली संध्याकाळी तापते, आणि बेडरूमच्या त्या भिंतीला ओल होती.

हे ऐकून काही जण परत आले नाहीत. ज्यांनी घर घेतलं ते दुसऱ्या खेपेला घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन आले. काकांनी काही न बोलता खिशातून किल्ली काढली आणि बाथरूममधली एकेक टाइल वाजवून पाहिली, कुठे पोकळ लागते का ते. मग बेडरूममध्ये जाऊन भिंतीला तळहात टेकवून बराच वेळ उभे राहिले. मी फाइल पुढे केली. त्यांनी बिल वाचलं, फोटो वाचले म्हटलं तरी चालेल, इतके बारकाईने पाहिले, आणि मुलाला म्हणाले, "आता किमतीचं बोला."

किमतीवर घासाघीस झालीच, पण ओलीवरून नाही. घरात काय राहणार आणि आम्ही काय नेणार, याची यादी पहिल्या दिवसापासून तयार होती: पंखे, पडद्यांचे रॉड आणि भिंतीतली कपाटं राहणार. हॉलमधलं झुंबर मला न्यायचं होतं, म्हणून ते फोटो काढण्याआधीच उतरवून तिथे साधा दिवा लावला होता. कुणाच्या नजरेत भरलेली वस्तू नंतर काढून घेण्यापेक्षा ती आधीच तिथे नसलेली बरी.