चैत्रात गडावर पायी जातो, म्हणजे व्यायाम धरायचा का?

हार्ट फेल्युअरचा (हृदय रक्त नीट पंप करत नाही, अंगात पाणी साठतं) पेशंट घरी गेल्यावर स्वतःची काळजी कितपत घेतो हे मोजायचा एक बारा प्रश्नांचा फॉर्म आहे, नाव लांबलचक, युरोपियन हार्ट फेल्युअर सेल्फ-केअर बिहेविअर स्केल, टिनी यार्स्मा आणि त्यांच्या टीमने २००३ मध्ये काढलेला. रोज वजन करता का, मीठ कमी खाता का, पाय जास्त सुजले तर डॉक्टर किंवा नर्सला कळवता का, असले साधे प्रश्न. तो नाशिकच्या पेशंटसाठी मराठीत बसवायचं काम सध्या माझ्याकडे आहे, आणि या कामात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तुर्कस्तानच्या पेपर्सचा. तिथल्या नर्सिंगवाल्यांना परदेशी स्केल तुर्कीत आणायचा मोठाच नाद आहे, निम्म्या पेपरांच्या टायटलमध्ये 'गेचेरलिक वे ग्युवेनिर्लिक' असतंच, म्हणजे आपलं व्हॅलिडिटी आणि रिलायबिलिटी, फॉर्म जे मोजायचं तेच मोजतो का आणि भरवशाने मोजतो का. ह्याच फॉर्मची तुर्की आवृत्ती २०१३ मध्ये छापून आली. आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या ते वाच, त्यांचंही क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं, तुला बरं पडेल. तर वाचत बसले.

परदेशी फॉर्म आपल्या भाषेत आणायची पद्धत सगळ्यांची एकच, बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये लिहून ठेवलेली. आधी मूळवाल्यांची परवानगी, मग दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, त्यातला एक जण मेडिकलचा आणि एक अजिबात नाही, दोन्हीचं मिळून एक करायचं, मग ज्यांनी मूळ फॉर्म बघितलेलाच नाही अशा दोघांनी ते परत इंग्रजीत न्यायचं, मग तज्ज्ञांची कमिटी, आणि शेवटी तीस-चाळीस पेशंटवर करून बघायचं. त्यानंतर मोठा डेटा, एका प्रश्नामागे पाच ते दहा माणसं असा हिशोब, आणि मग आकडेवारी.

आता वाचताना एक गोष्ट मला खटकत राहिली. पेपरात भाषांतरावर अर्धं पान, आकडेवारीवर चार पानं आणि टेबलं, आणि ते तीस-चाळीस पेशंट? त्यांना दोन ओळी. पायलट घेतला, प्रश्न समजले, बदलाची गरज भासली नाही. (फक्त तुर्कीच नाही हं, आपल्याकडचेही तसेच लिहितात.) माझं मत असं झालंय की खरं काम त्या दोन ओळीतच आहे आणि बाकी सगळं त्याच्या आजूबाजूची सजावट.

कारण बॅक ट्रान्सलेशन, म्हणजे ते परत इंग्रजीत नेणं, तुम्हाला काहीच सांगत नाही. आमच्या पहिल्या मसुद्यात 'मी द्रव पदार्थांचे सेवन मर्यादित ठेवतो' असं वाक्य होतं, ते इंग्रजीत परत गेलं तेव्हा अगदी मूळ वाक्यासारखं आलं, कमिटी खूश. आणि ओपीडीच्या बाकावर बसलेल्या सिन्नरच्या बाबांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, नाही नाही, मी माळकरी आहे. सेवन म्हणल्यावर त्यांना दारूच आठवली.

तेव्हापासून मी पायलटमध्ये उत्तर विचारायच्या आधी 'हा प्रश्न तुम्हाला काय विचारतोय?' असं विचारायला लागले आणि मग मात्र एकेक बाहेर यायला लागलं. सगळ्यात भारी प्रश्न फ्लूच्या लसीचा. मूळ फॉर्ममध्ये दरवर्षी फ्लूची लस घेतो असं वाक्य आहे. तुर्कस्तानात पासष्टीच्या पुढच्यांना आणि असे जुनाट आजार असलेल्यांना ती वर्षातून एकदा सरकारी विम्यातून मिळते, म्हणजे तिथे हा प्रश्न जमिनीवरचा आहे, घेतली किंवा नाही घेतली. आपल्याकडे बहुतेकांनी मोठ्या माणसाच्या फ्लूच्या लसीचं नावच ऐकलेलं नाही. पण नाही असं कोणी म्हणतच नाही! "लस ना? घेतली की, दोन्ही डोस." कोविडची. एक आजी तर मोबाईलमधलं सर्टिफिकेट दाखवायला नातवाला हाक मारत होत्या. म्हणजे फॉर्मवर 'पूर्ण सहमत' आणि लस शून्य. नुसती टिक करून घेतली असती तर हे मला कधी कळलंच नसतं.

व्यायामाचंही तेच. नियमित व्यायाम करता का? हो, दरवर्षी चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जातो. बरं, म्हणणारे काका देवळा तालुक्याकडचे, त्यांच्या घरात ही परंपराच आहे, वर्षं चुकलेलं नाही, त्यामुळे 'नियमित' ह्या शब्दाला त्यांच्याकडून काहीच धक्का नाही. २०१८ पासून गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली झालीय तरी हे पायऱ्यांनीच. मी त्यांना काही बोलले नाही, फक्त प्रश्नात 'आठवड्यातले बरेच दिवस' असं घालायचं का यावर कमिटीत तासभर भांडण झालं, कारण एकदा तुम्ही असं घालायला लागलात की मूळ स्केलशी तुलना करायची सोय जाते.

मिठावर तुर्कीवाल्यांचं आणि आपलं दुखणं एकच. त्यांच्या सॉल्टर्क नावाच्या अभ्यासात २००८ मध्ये माणशी दिवसाला साधारण १८ ग्रॅम मीठ निघालं होतं, २०१२ ला १५ च्या आसपास आलं, डब्ल्यूएचओ म्हणतं ५ च्या आत ठेवा. आणि यातलं बरंचसं मीठ ताटात वरून घेतलेलं नाही, ते स्वयंपाक, पाव, चीज, ऑलिव्ह, लोणची यातून पोटात जातं. आपल्याकडे 'मीठ कमी खाता का' म्हणलं की उत्तर येतं 'वरून घेतच नाही', आणि ते खरंही असतं, पण भाकरीसोबत ठेचा, जेवणात पापड, रविवारी मिसळ आणि त्यावर मूठभर शेव, हे कोणाच्या लेखी मीठ नसतंच. पाण्याचंही असंच, मूळ वाक्यात दिवसाला दीड-दोन लिटरच्या वर नको असं लिहिलंय, पण त्यात चहा, ताक, वरणाचं पाणी धरायचं की नाही हे कोण सांगणार. तुर्की माणूस तर छोट्या ग्लासातून दिवसभर चहाच पीत असतो, माणशी चहात जगात पहिला नंबर आहे त्यांचा.

पण हे सगळं तरी सुटणारं आहे. न सुटणारं एकच, ते म्हणजे फॉर्ममधला 'मी'.

बाराच्या बारा वाक्यं मी-ने चालतात. मी वजन करतो, मी गोळ्या घेतो, मी कळवतो. आणि ओपीडीत समोर जोडी बसलेली असते, सासरे आणि सून, किंवा आई आणि मुलगा, आणि प्रश्न विचारला आजोबांना की उत्तर येतं सुनेकडून. गोळ्यांचा डबा ती भरते, मीठ किती टाकायचं ती ठरवते, पाय सुजलेत हे आधी तिच्या लक्षात येतं कारण चप्पल बसत नाही म्हणून ते तिच्यावर चिडतात. मग फोन जातो पुण्याच्या मुलाला, तो ठरवतो दवाखान्यात न्यायचं का उद्या बघायचं. पिंपळगावकडच्या एका घरात मुलगा वडलांचं वजन द्राक्षाच्या पॅकिंग शेडमधल्या क्रेटच्या काट्यावर रोज सकाळी करतो आणि भिंतीवर खडूने लिहितो, मला विचाराल तर जिल्ह्यातली सगळ्यात चोख नोंद ती. वडलांना वजनाचा आकडा विचारला तर माहीत नाही. आता सांगा, 'मी रोज वजन करतो' पुढे काय टिक करायचं?

मूळवाल्यांच्या डोक्यात एकटा राहणारा, नर्सला स्वतः फोन लावणारा पेशंट असावा असं मला सारखं वाटतं. तुर्कस्तानात निदान फॅमिली डॉक्टर ठरलेला असतो, २०१० च्या शेवटापर्यंत सगळ्या देशात ती योजना लागू झाली, प्रत्येकाचं नाव कुठल्यातरी डॉक्टरकडे नोंदलेलं. आपल्याकडे 'डॉक्टर किंवा नर्सला कळवतो' मधला तो डॉक्टर कोण इथूनच सुरुवात, गल्लीतला, इंजेक्शन देणारा, का अँजिओ केलेला?

यावर आकडेवारीवाले म्हणतात अल्फा ०.७० च्या वर आला ना, मग झालं. क्रॉनबॅकचा अल्फा, सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो. पण ह्या फॉर्ममधले सगळे प्रश्न एकाच दिशेचे आहेत, हो म्हणलं की चांगलं, त्यामुळे ॲप्रन घातलेल्या बाईसमोर काही जण प्रत्येकाला हो हो म्हणत गेले की उत्तरं एकमेकांशी मस्त जुळतात आणि अल्फा उलट वाढतो. म्हणजे भिडस्तपणासुद्धा रिलायबल निघतो! (वर आणि मूळ फॉर्मात १ म्हणजे पूर्ण सहमत, त्यामुळे कमी मार्क म्हणजे चांगला पेशंट. हे आमच्या इंटर्नना समजवता समजवता नाकी नऊ आले. नंतर ०ते १०० मध्ये उलटवून मांडायची पद्धत आली ते बरं झालं.)

आणि मराठी म्हणजे तरी कोणाची. बीटनच्या त्या लेखात एक तक्ता आहे, भाषा तीच पण देश वेगळा, किंवा बरीच वर्षं परदेशात राहिलेले लोक, तरीही फॉर्म नव्याने तपासायला लागतो असं त्यात आहे, म्हणजे १९६१ च्या तुर्कस्तान-जर्मनी कामगार करारानंतर जर्मनीत कामाला गेलेल्या तुर्की माणसाला अंकारात तयार झालेला फॉर्म जसाच्या तसा द्यायचा नाही. आमच्याकडे तर एका जिल्ह्यातच नाशिक शहरातल्या कॉलेज रोडची मराठी, सटाण्याची अहिराणी, सुरगाण्याची आदिवासी कोकणी आणि मालेगावची उर्दू. मालेगावच्या पेशंटला रमजानमध्ये गोळ्या कशा घ्यायच्या हा खरा प्रश्न असतो, इकडे नवरात्रात उपासाला गोळी चालते का हा, आणि बारा प्रश्नांमध्ये उपासाचं नावही नाही.

तर मी सध्या काय केलंय, बारा प्रश्न हलवले नाहीत, पण प्रत्येकासमोर एक जादा रकाना काढलाय, 'हे घरात कोण करतं', मार्कात धरायचा नाही, नुसता लिहून घ्यायचा. आणि फॉर्म हातात द्यायचा नाही, वाचून दाखवायचा, फ्लूच्या लसीला 'कोविडची सोडून' असं तोंडी सांगायचं. मॅडमना रकाना पटलेला नाही, त्या म्हणतात परीक्षक विचारतील मूळमध्ये कुठंय हे. मूळवाल्यांना मेल टाकलाय, बघू काय म्हणतात.

तोवर एक काम करा. तुमच्या घरात कोणाला हार्टच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना विचारा, 'पाय सुजले तर तुम्ही कोणाला सांगता?' आणि जे पहिलं नाव येईल ते खाली लिहा. डॉक्टर असेल तर तसं, सून असेल तर तसं, 'कोणाला नाही, आपोआप उतरते' असेल तर तेही चालेल.